किडनी कुणी द्यायची?

किडनीचा डॉक्टर म्हणजे नेमका कोणता डॉक्टर, हे तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. मुतखडा काढतो तो, एवढीच आमची समजूत. कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्या गावात मुतखड्याचे पेशंट गल्लोगल्ली सापडतात. पण लघवीला काही त्रास नाही, कंबर दुखत नाही, आणि तरीही माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या असतात, हे आम्हाला आमच्या भाभींच्या आजाराने शिकवले.

हा लेख आम्ही तिघा भावंडांनी, दोन भाऊ आणि एक बहीण, मिळून लिहिला आहे. ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते आमचे मोठे भाईजान आणि भाभी या दोघांनी तो वाचून 'छापायला द्या' असे सांगितले. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आमच्यासारखी वेळ दुसऱ्या कुणाच्या घरावर आली, तर निदान काय विचारायचे आणि कुणाला विचारायचे एवढे तरी त्यांना ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहोत.

चष्म्याचा नंबर

2022 सालच्या ऑक्टोबरची गोष्ट. भाभींचे वय तेव्हा 34. दोन मुले, घरची पिठाची गिरणी, अम्मींचे पथ्यपाणी, सगळे त्याच बघत. दोन-तीन महिने त्यांचे डोके दुखत होते. सकाळी उठल्यावर मळमळायचे, जेवण नकोसे व्हायचे, तोंडाला लोखंडासारखी चव यायची. ओळखीच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. डोकेदुखीची गोळी मेडिकलमधून येत होती. मग अंधुक दिसायला लागले, तेव्हा सगळ्यांचे एकमत झाले की चष्म्याचा नंबर लागला असणार.

नंबर काढायला गेल्या आणि तिथेच आजार सापडला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारले, "ताई, तुमचं बी.पी. कधी मोजलंय का?" बी.पी. निघाले 210/120. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 6.1 आणि क्रिएटिनिन 11.4. हा दुसरा आकडा काय असतो, हे आम्हाला माहीत नव्हते. प्रयोगशाळेतल्या मुलाने मात्र रिपोर्ट हातात देताना खुर्ची पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही किडनीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे गेलो. मुतखडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गाची ऑपरेशने करतो तो युरोलॉजिस्ट, म्हणजे सर्जन. नेफ्रॉलॉजिस्ट चाकू हातात घेत नाही. रक्त गाळण्याचे, शरीरातले पाणी आणि क्षार यांचा मेळ ठेवण्याचे किडनीचे जे काम आहे ते बिघडले की तो बघतो. मधुमेहाने आणि बी.पी.ने खराब होणाऱ्या किडन्या, किडनीच्या गाळण्यांना येणारी सूज, घराण्यात चालत येणारे पाण्याच्या गाठींचे आजार, साप चावल्यावर किंवा लेप्टोनंतर अचानक बंद पडलेली लघवी, डायलिसिस, आणि किडनी बदलण्याच्या आधीची व नंतरची सगळी देखरेख, हे त्याचे क्षेत्र. एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयाचे शिक्षण घेऊन हे डॉक्टर तयार होतात.

डॉक्टरसाहेबांनी जवळजवळ अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. लघवीला फेस येतो का? रात्री किती वेळा उठावे लागते? दुसऱ्या बाळंतपणात बी.पी. वाढले होते का? दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्या? जडीबुटी, भस्म, कसली पुडी? दुसऱ्या बाळंतपणात पाय सुजले होते आणि बी.पी. वाढले होते, हे भाभींना आठवले. 'बाळंतपणात होतंच', असे तेव्हा सगळे म्हणाले होते आणि नंतर कुणी पुन्हा बी.पी. मोजले नव्हते.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सात सेंटिमीटरच्या निघाल्या. मोठ्या माणसाची किडनी दहा ते बारा सेंटिमीटर असते, साधारण आपल्या मुठीएवढी. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ 180 लिटर पाणी गाळतात, त्यातले बहुतेक सगळे शरीराला परत करतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. या गाळण्या एकेक करून बंद पडू लागल्या की उरलेल्या जास्त काम करतात. म्हणून निम्म्याहून अधिक किडनी जाईपर्यंत माणसाला काही कळत नाही, आणि क्रिएटिनिनसुद्धा फारसे वाढत नाही. भाभींच्या किडन्या आकसल्या होत्या, म्हणजे आजार काही वर्षांचा होता.

"कशामुळे झालं?" भाईजाननी विचारले.

"बहुतेक गाळण्यांच्या जुन्या सुजेमुळे. पण खात्रीने सांगता येणार नाही. त्यासाठी किडनीचा तुकडा काढून तपासावा लागतो. आता किडनी इतकी आकसली आहे की त्या तुकड्यातून काही कळणार नाही, उलट रक्तस्रावाचा धोका," डॉक्टर म्हणाले. "आणि हे पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. ते आजच सांगतो, म्हणजे तुम्ही पुड्या शोधत फिरणार नाही."

आम्हाला ते बोलणे तेव्हा कठोर वाटले. पण पुढच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या पुड्या घरी आणून दिल्या, तेव्हा त्या बोलण्याचा उपयोग झाला. एक पुडी आम्ही डॉक्टरांना नेऊन दाखवली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "यात पारा आहे का शिसं आहे, हे ना मला माहीत, ना देणाऱ्याला. जे गाळायला किडनी नाही, ते पोटात कशाला घालायचं?"

चार तास, आठवड्यातून तीनदा

पहिले डायलिसिस त्याच रात्री झाले, मानेतल्या शिरेत नळी घालून. पुढे डाव्या हातात फिस्चुला केला. म्हणजे धमनी आणि शीर एकमेकांना जोडतात, मग ती शीर फुगते आणि जाड सुया टोचण्याजोगी होते. त्याला दीड-दोन महिने लागतात. त्या हातावर बोट ठेवले तर मांजर गुरगुरते तशी थरथर लागते. भाभींची धाकटी रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी तिथे कान लावून 'चालू आहे' असे सांगायची. त्या हातात बांगड्या नाहीत, त्या हाताला बी.पी. मोजायचे नाही, त्या हाताने घागर उचलायची नाही. लग्नाच्या वेळी चढवलेल्या बांगड्या भाभींनी डाव्या हातातून काढल्या आणि सगळ्या उजव्यात घातल्या. त्याची टर उडवणाऱ्या बायका होत्या. भाभी म्हणायच्या, "या हातात आता मशीनची बांगडी आहे."

मशीन काय करते, हे तंत्रज्ञाने समजावून सांगितले. मिनिटाला पाव लिटरहून थोडे अधिक रक्त बाहेर येते, केसासारख्या हजारो पोकळ धाग्यांतून जाते, धाग्यांच्या बाहेरून शुद्ध केलेले क्षारयुक्त पाणी वाहते, घाण पाण्यात उतरते आणि रक्त परत शरीरात जाते. एका वेळी चार तास आणि सुमारे 120 लिटर पाणी. निरोगी किडनी हे काम रात्रंदिवस करते. मशीन आठवड्यातले बारा तास करते. म्हणून उरलेल्या वेळेचे पथ्य माणसाने पाळायचे असते.

ते पथ्य सर्वांत अवघड. दिवसाला एक लिटर पाणी, आणि त्यात चहा, डाळ, शोरबा, गोळ्यांबरोबरचा घोट सगळे आले. दोन डायलिसिसच्या मध्ये तीन किलो वजन वाढले तर ते तीन लिटर पाणीच. ते फुप्फुसात साठून दम लागतो. मीठ कमी, कारण मिठाने तहान लागते. आणि पोटॅशियम कमी, कारण ते वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. केळी, शहाळ्याचे पाणी, संत्र्याचा रस आणि खजूर, सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. आजारी माणसाला भेटायला येणारा शहाळे आणि केळी घेऊनच येतो. आम्ही ते प्रेमाने घ्यायचो आणि आल्या-गेल्या मुलांना वाटून टाकायचो.

2023 चा रमजान मार्चच्या अखेरीस, ऐन उन्हात आला. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, हे सगळ्यांना माहीत असते. पण लहानपणापासून एकही रोजा न सोडलेल्या बाईला ती सवलत घेताना काय वाटते, ते आम्ही पाहिले. आमच्या मशिदीच्या मौलानासाहेबांना आम्ही घरी बोलावले. बरे होण्याची आशा असेल तर नंतर कजा आणि आशा नसेल तर फिदया, हे त्यांनी समजावले. मग भाभींना म्हणाले, "बेटी, सवलत देणाऱ्यानेच दिली आहे. ती नाकारणं ही काही इबादत नाही." त्या महिन्यात भाभी सगळ्यांसाठी इफ्तारी बनवायच्या, दस्तरखानावर सोबत बसायच्या आणि अर्धा खजूर तोंडात ठेवायच्या. हा अर्धा खजूर डॉक्टरांनी मोजून मंजूर केलेला होता. ते स्वतः मुसलमान नाहीत, पण आदल्या महिन्यातच त्यांनी भाभींना विचारले होते, "रमजान कधी सुरू होतोय? इफ्तारला काय काय असतं, ते मला लिहून आणा."

पैशांचे सांगायचे तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. केंद्र सरकारनेही 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि त्यातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय होऊ लागली. त्यामुळे गरिबाला डायलिसिस मिळतच नाही, असे आता राहिलेले नाही. पण आठवड्यातून तीनदा कऱ्हाडला जाण्याचे भाडे, रक्त वाढवण्याची इंजेक्शने आणि सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, हे घरातूनच जाते.

एक गोष्ट अनेकांना सांगण्यासारखी आहे. हिमोग्लोबिन सहा बघून प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "रक्त चढवा की! आमची मुलं देतील." डॉक्टर तयार नव्हते. लोहाची आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देऊन त्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन दहापर्यंत आणले. कारण किडनी बदलायची असेल तर परके रक्त शक्यतो टाळायचे असते. त्या रक्तातल्या पेशींविरुद्ध शरीर हत्यारे तयार करून ठेवते आणि पुढे मिळणारी किडनी तीच हत्यारे मारतात.

ओसरीवरची बैठक

किडनी बदलण्याचा विषय डॉक्टरांनी दुसऱ्याच महिन्यात काढला. वय कमी, हृदय चांगले, दोन लहान मुले. डायलिसिसवर माणूस वर्षानुवर्षे जगतो, पण किडनी बदलली तर जास्त जगतो आणि बऱ्या तऱ्हेने जगतो. मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळण्यासाठी नाव नोंदवता येते, पण रांग मोठी आहे. जिवंत दाता घरचा असेल तर वेळ वाचतो.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने किडनी विकत घेणे वा देणे गुन्हा आहे. आईवडील, मुले, भाऊबहीण आणि पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक मानले जातात. 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात आली. दीर, नणंद, सासू यांत नाहीत. त्यांना द्यायची असेल तर समितीपुढे वेगळी परवानगी लागते.

भाभींचे वडील हयात नाहीत. त्यांच्या अम्मी पहिल्याच दिवशी पुढे आल्या. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह, डॉक्टरांनी लगेच 'नाही' म्हटले. भाऊ आला. त्याचा रक्तगट ए, भाभींचा बी. जुळत नव्हते. उरले भाईजान. त्यांचा गट ओ. ओ गटाचा माणूस कोणालाही देऊ शकतो.

आणि मग आमच्या ओसरीवर बैठका सुरू झाल्या. चाचा, फुफा, मामू, गल्लीतली बुजुर्ग मंडळी. सगळे चांगल्या मनाने आलेले. कर्त्या पुरुषाने ऑपरेशन करून घेतले तर गिरणी कोण चालवणार? एका किडनीचा माणूस पोती उचलेल काय? उद्या त्यालाच काही झाले तर? 'डायलिसिस चालू आहे ना फुकट, मग चालू दे.' एकाने भाभींना काही दिवस माहेरी ठेवावे असेही सुचवले. भाभी आत चहा करत होत्या आणि मधला दरवाजा उघडा होता.

अम्मींची अवस्था आम्हाला सांगता येणार नाही. सून त्यांच्या लेकीसारखीच. पण मुलगा पोटचा. त्या म्हणायच्या, "मला दोघं पाहिजेत. मला कुणी एकाला निवडायला लावू नका." आमच्यातही एकमत नव्हते. धाकटा भाऊ विरोधात होता, बहीण बाजूने होती, मधला दोन्हीकडचे ऐकत होता. भाभींचे स्वतःचे म्हणणे स्पष्ट होते: "नको. मुलांचं एक माणूस तरी धडधाकट राहू दे."

तिसऱ्या बैठकीत भाईजान बोलले. ते कमी बोलतात. म्हणाले, "एक विचारतो. माझ्या किडन्या गेल्या असत्या आणि तिची जुळली असती, तर तुम्ही ही बैठक भरवली असती का?"

कुणी उत्तर दिले नाही. फुफांनी टोपी काढून पुन्हा घातली. आम्हा सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितले. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. तेव्हा बैठक भरत नाही, शाबासकी मिळते, आणि ती बाई दीड महिन्यात पुन्हा चुलीपुढे उभी असते.

दीनच्या दृष्टीने काय, हा प्रश्नही आलाच. मौलानासाहेबांनी दोन्ही बाजू सांगितल्या. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये ठराव करून जिवंत माणसाने दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी अवयव देण्यास परवानगी दिली आहे. मात्र अट अशी की, देणाऱ्याच्या जिवाला त्यामुळे धोका नसावा, त्याची राजीखुशी असावी आणि पैशाचा व्यवहार नसावा. आपल्याकडच्या काही उलेमांचे मत वेगळे आहे. शरीर ही अमानत आहे, ते दान करण्याचा हक्क माणसाला नाही, असे ते म्हणतात. मौलानासाहेब म्हणाले, "मी कुणावर काही लादणार नाही. जाणकार आलिमांना विचारा, प्रामाणिक डॉक्टरांना विचारा, मग इस्तिखारा करा." भाईजाननी तिन्ही गोष्टी केल्या.

डॉक्टर दात्याचाही असतो

आम्हाला वाटत होते, डॉक्टर आता घाई करतील. झाले उलटेच. त्यांनी भाईजानना एकट्याला बोलावून तासभर बसवून घेतले. काय बोलणे झाले, हे आम्हाला ऑपरेशननंतर बऱ्याच महिन्यांनी कळले. डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या मनात जरा जरी नको असेल, तर मला सांगा. मी घरच्यांना एवढंच सांगेन की वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही योग्य नाही. कारण कुणालाही कळणार नाही. पत्नीलाही नाही." म्हणजे मागे फिरण्याची वाट त्यांनी आधी मोकळी करून दिली आणि मगच पुढचे तपासायला घेतले.

अम्मींना त्यांनी वेगळा वेळ दिला. कागदावर चित्र काढून दाखवले. एक किडनी काढली की दुसरी हळूहळू मोठी होते आणि काही महिन्यांत दोन्ही मिळून जेवढे काम करत होत्या, त्याच्या सुमारे सत्तर टक्के काम एकटी करते. तेवढे निरोगी आयुष्याला पुरते. धोका अगदी नाही असे नाही, भूल आणि ऑपरेशन आहे, पुढे बी.पी. वाढू शकते, म्हणून दरवर्षी तपासणी आयुष्यभर. "मी तुमच्या मुलाचाही डॉक्टर आहे," ते म्हणाले. "त्याच्या तपासणीत एक जरी गोष्ट खटकली, तरी तुमच्या आधी मीच नाही म्हणेन."

तपासण्या दोन महिने चालल्या. साखर, चोवीस तासांचे बी.पी., चोवीस तासांची लघवी, दोन्ही किडन्या वेगवेगळे किती काम करतात याचा स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सी.टी. दोन किडन्यांत फरक असेल तर चांगली किडनी देणाऱ्याकडेच ठेवायची, असा नियम आहे. हे ऐकून अम्मींचा चेहरा पहिल्यांदा थोडा निवळला.

सर्वांत धाकधूक क्रॉसमॅचची होती. नवऱ्याची किडनी बायकोला देताना एक अडचण येते, जी उलट दिशेने येत नाही. गरोदरपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात आणि बाळाच्या निम्म्या खुणा बापाच्या असतात. त्यामुळे काही बायकांच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्धची हत्यारे आधीच तयार असतात. भाभींची दोन बाळंतपणे झालेली. नमुने गेले आणि आठ दिवसांनी उत्तर आले: क्रॉसमॅच निगेटिव्ह. रक्त न चढवण्याचा डॉक्टरांचा हट्ट आम्हाला त्या दिवशी नीट समजला.

कागदपत्रांत जितका त्रास झाला तितका तपासण्यांत झाला नाही. पती-पत्नी असल्याचा पुरावा म्हणून निकाहनामा, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड. निकाहनामा उर्दूत, आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आणि एका अक्षराचा फरक. एका कार्यालयाने तीन वेळा परत पाठवले. वाचकांना एवढेच सांगतो की, निकाहनाम्याचा मराठी अनुवाद करून ठेवा आणि बायकोच्या कागदांवरची नावे वेळीच जुळवून घ्या. गरज पडते तेव्हा हातात वेळ नसतो.

खर्चासाठी योजनेची मदत झाली. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा पूर्वी अडीच लाख होती, ती साडेचार लाख करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला. बाकीचे अब्बांच्या ठेवीतून, बहिणीच्या दागिन्यांतून आणि जमातीच्या बैतुलमालातून उभे राहिले. ज्या फुफांनी बैठकीत सर्वांत जास्त विरोध केला होता, त्यांनी सर्वांत मोठी रक्कम आणून दिली.

तिसरी किडनी

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात ऑपरेशन झाले. भाईजानची डावी किडनी दुर्बिणीतून काढली आणि भाभींच्या पोटात उजवीकडे खाली बसवली. जुन्या किडन्या काढत नाहीत, तशाच राहू देतात. त्यामुळे भाभींना आता तीन किडन्या आहेत, असे मुले वर्गात सांगतात. टेबलावरच लघवी सुरू झाली. भाईजान पाचव्या दिवशी घरी आले. तीन महिने त्यांनी पोते उचलायचे नाही, हे ठरलेले होते. ती पोती आम्ही दोघा भावांनी उचलली आणि धाकट्याने ऑपरेशनच्या विरोधात असताना जेवढे तोंड चालवले होते तेवढेच हात चालवले.

पण किडनी बसवली की काम संपते, असे नाही. किडनीच्या डॉक्टरचे खरे काम तिथून सुरू होते. शरीराला ती किडनी परकी वाटते आणि ते तिला मारायला बघते. जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण 1954 मध्ये बोस्टनला झाले, ते हुबेहूब जुळ्या भावांत झाले म्हणून टिकले. बाकीच्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, बारा-बारा तासांनी, ठरलेल्या वेळी आणि किडनी चालेल तोवर. कमी पडली तर शरीर किडनी मारते, जास्त झाली तर साधा जंतुसंसर्ग माणसाला मारतो. या दोहोंच्या मध्ये डॉक्टर रक्तातले औषधाचे प्रमाण मोजत वर्षानुवर्षे चालत राहतो.

पाचव्या आठवड्यात क्रिएटिनिन 1.1 वरून 2.3 वर गेले. भाभींना ना ताप, ना वेदना. ठरलेल्या तपासणीला गेल्या म्हणूनच कळले. त्याच दिवशी नव्या किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, शरीराने हल्ला सुरू केला होता. तीन दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिले. त्या तीन रात्री भाईजान दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. आकडा 1.4 वर येऊन थांबला. तो आजही तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, "पहिल्यासारखा नाही, पण चांगला आहे. ही किडनी पंधरा वर्षं चालेल, वीस चालेल, कदाचित त्याआधीही थकेल. औषध चुकवू नका, एवढंच तुमच्या हातात."

भाभी आता रोजे ठेवत नाहीत. मार्चमधला रोजा साडेतेरा तासांचा आणि गोळ्या बारा तासांच्या. शिवाय या किडनीला पाणी कमी पडून चालत नाही. ज्यांना एक लिटरची मुभा होती त्यांना आता दिवसाला तीन लिटर पिण्याचा हुकूम आहे. भाईजान डॉक्टरांना विचारून रोजे ठेवतात आणि इफ्तार ते सहरी पाण्याची बाटली जवळ ठेवतात. त्यांचे क्रिएटिनिन 1.2, बी.पी. व्यवस्थित. गिरणी चालू आहे.

वाचकांना विनंती

ज्यांना मधुमेह आहे, बी.पी. आहे, ज्यांच्या घराण्यात किडनीचा आजार आहे, ज्यांचे बाळंतपणात बी.पी. वाढले होते, त्यांनी वर्षातून एकदा बी.पी. मोजावे, लघवीतले प्रोटीन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासावे. सरकारी दवाखान्यात या तपासण्या होतात, बाहेरही काही शे रुपयांतच होतात. लघवीत प्रोटीन जाऊ लागले आहे हे वेळीच कळले, तर साखर आणि बी.पी. ताब्यात ठेवून आणि किडनी जपणारी औषधे घेऊन डायलिसिस पुष्कळ वर्षे लांबवता येते. दुखण्याची गोळी आपल्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल आणि रोजे ठेवायचे असतील, तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या असतात आणि कधी 'ठेवू नका' हेही ऐकायचे असते.

आणि कधी तुमच्या घरात किडनी कुणी द्यायची हा प्रश्न आला, तर ज्याने द्यायची त्याला खुशीने 'हो' म्हणू द्या आणि तितक्याच इज्जतीने 'नाही'ही म्हणू द्या. पण आजारी माणूस सून आहे की मुलगा, बायको आहे की नवरा, यावर घरच्यांची घाई किंवा दिरंगाई ठरू देऊ नका.

अल्लाहतआला सर्व आजारी माणसांना शिफा देवो, आणि त्यांच्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या घरच्यांना व डॉक्टरांना त्याचे अज्र देवो. आमीन.